चढावरचा ब्रेक

नानांनी शिटी वाजवली आणि आम्ही तिघं निमूट रांगेत उभे राहिलो.

शाळेच्या पटांगणावर नव्हे, बोरखिंडीच्या जुन्या घाटरस्त्याच्या तोंडाशी. नवा रस्ता डोंगर पोखरून पलीकडे गेला, तेव्हा या जुन्या रस्त्यावर मोठाले दगड लावून तो गाड्यांना बंद केला होता. दगडांच्या फटीतून माणूस जाईल, म्हैस जाईल, आणि हँडल जरा तिरकं केलं तर सायकल जाईल. आम्ही चौघांनी आपापल्या सायकली तशाच तिरक्या करून आत घेतल्या होत्या. पुढं सगळं रान. डांबरावर पाचोळा पडलेला, दोन्ही बाजूंनी ऐन आणि जांभळी वाकून आलेल्या, आणि हॉर्नचा आवाज कुठंही नाही.

"हे बघा," नाना म्हणाले, "आमच्याकडे मानपान नाही. देणंघेणं नाही, रुसवेफुगवे नाहीत. मुलीकडचे, मुलाकडचे असा भेद नाही. सायकलवर सगळे सारखे. फक्त एकच, पुढं मी राहीन."

"अर्थातच," आमचे आप्पा म्हणाले.

मी वळून आप्पांकडे बघितलं. आमचे आप्पा, म्हणजे कराडचे डॉ. मुतालिक, दातांचे डॉक्टर. समोरच्याला तोंड उघडायला लावायचं आणि आपण बोलायचं, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा धंदा. गावातल्या प्रत्येकानं कधी ना कधी त्यांच्या खुर्चीत पडून बोलणी खाल्ली होती, आणि तोंडात कापूस असल्यामुळं एकालाही उलट उत्तर देता आलं नव्हतं. 'अर्थातच' हा शब्द मी त्यांच्या तोंडून त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

या गोष्टीला आता पंचवीसेक वर्षं झाली. नाना म्हणजे सांगलीचे रघुनाथराव घळसासी, भूगोलाचे निवृत्त शिक्षक आणि तिथल्या सायकल मंडळाचे संस्थापक. त्यांचा मुलगा शिरीष पंपांच्या कारखान्यात इंजिनीअर होता. त्याचं स्थळ मला सांगून आलं होतं, आमचं दोनदा बोलणं झालं होतं, पसंती झाली होती. उरली होती फक्त सुपारी फोडायची. ती हॉलमध्ये सतरंजी अंथरून फोडण्यापेक्षा दोन्ही घरांनी मिळून एक घाट पार करावा आणि पलीकडे आंबेवाडीला, नानांच्या चुलतबहिणीच्या घरी ती फोडावी, ही कल्पना नानांची. दोन्ही आया आदल्या दिवशीच एसटीनं सुपारी, पेढे आणि पातळं घेऊन आंबेवाडीला जाऊन बसल्या होत्या.

माझी एक अडचण होती. ती मी आदल्या संध्याकाळी आप्पा सायकलच्या साखळीला तेल घालत होते तेव्हा त्यांना सांगितली होती.

"आप्पा, मुलगा आवडलाय मला. पण त्या घरात नानांना 'नाही' म्हणणारं कुणी दिसत नाही."

माझं म्हणणं उगीच नव्हतं. आम्ही त्यांच्या घरी गेलो होतो तो बुधवार होता. बोलता बोलता नाना म्हणाले, आज मंगळवार. घरातलं कुणी काही बोललं नाही. शिरीषच्या आई मात्र हळूच आत गेल्या आणि नानांच्या मंगळवारच्या उपासासाठी खिचडी करून घेऊन आल्या. नानांनी ती खाल्ली. शिरीष समोर बसून पोह्यांतले शेंगदाणे वेचत होता.

"त्या घरात मला जन्म काढायचाय," मी म्हटलं. "आंबेवाडीला पोचेपर्यंत शिरीषनं त्यांना एकदा, फक्त एकदा नाही म्हटलं, तर सुपारी फोडा. नाहीतर नको."

आप्पा तेलाचं बोट पुसत म्हणाले, "आवडलाय ना पण?"

"आवडलाय."

"बरं," म्हणाले आणि परत साखळीकडे वळले.

तर असे आम्ही निघालो. पुढं नाना, त्यांच्या नव्या गिअरच्या सायकलवर. तिला पुष्कळ गिअर होते, नाना त्यातला एकच वापरत. त्यांच्या मागं आप्पा, आपल्या काळ्या जुन्या सायकलवर. तिला गिअर नाही, पण आप्पा तिच्यावरून रोज दवाखान्यात जात आणि घाटबीट त्यांना किरकोळ वाटत. मागं मी आणि शिरीष.

पहिल्याच वळणावर मला कूंऽकूं असा आवाज यायला लागला. मला वाटलं पक्षी आहे. मग बघितलं तर आप्पांचा ब्रेक. नाना चढावर हळू जात होते, आप्पांची सायकल आपसूक पुढं निघत होती, आणि नानांच्या पुढं जायला लागू नये म्हणून आप्पा चढावर ब्रेक दाबत होते. चढावर ब्रेक लावणारा माणूस मी ना त्याआधी पाहिला, ना त्यानंतर.

"डॉक्टर, दमलात का?" नानांनी न वळता विचारलं.

"थोडासा," आप्पा म्हणाले. त्यांना घामसुद्धा आला नव्हता.

रस्ता सुरेख होता. सकाळचं ऊन झाडांतून ठिपक्याठिपक्यांनी खाली पडत होतं. एक शेकरू या फांदीवरून त्या फांदीवर गेलं आणि आम्हाला बघून जोरात रागावलं. मध्येच रानकोंबडा आरवला. गाड्या नाहीत म्हणताना रस्त्याच्या मधोमध शेजारी शेजारी सायकली चालवत गप्पा मारता येत होत्या, आणि माणूस आवडलेला असला की ते फार बरं वाटतं. पण मला परीक्षा घ्यायची होती.

"नानांना तुम्ही कधी नाही म्हणालात का हो?" मी शिरीषला विचारलं.

त्यानं खरंच आठवून बघितलं. "एकदा. पाचवीत होतो. कारलं नको म्हणालो."

"मग?"

"अजून खातो."

मला हसू आलं. परीक्षकानं हसू नये, तरी आलं.

खिंडीच्या थोडं अलीकडे पाण्याच्या टाक्यापाशी नानांनी शिटी वाजवली, तेव्हा आम्ही थांबलो आणि भाकरी सोडली. आपलं खाऊन झाल्यावर नाना चूळ भरत म्हणाले, "दातांचं म्हणाल डॉक्टर, तर मी आयुष्यात ब्रश हातात धरला नाही. राखुंडी. गोवरीची राखुंडी. तिच्यासारखं दुसरं काही नाही."

माझा घास तसाच राहिला. राखुंडी हा आप्पांचा जन्माचा वैरी. राखुंडीनं हिरड्या कशा सोलवटतात आणि दातांवरचं कवच कसं झिजतं, यावर आप्पा लग्नाच्या पंगतीत बोललेले मी ऐकलं होतं. एकदा तर ते मयताला गेले असताना तिथं बोलले होते. आता स्फोट होणार म्हणून मी डोळे मिटले.

"असेलही," आप्पा म्हणाले.

मी डोळे उघडले. आप्पा भाकरीचं फडकं घडी घालत होते. घडी कधी नव्हे ती व्यवस्थित येत होती. यांची तब्येत बरी नाही, अशी माझी खात्री झाली.

खिंडीत पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. तिथं रस्त्याला दोन फाटे फुटले होते. डावीकडचा अरुंद, खडबडीत, बैलगाडीच्या चाकोऱ्या पडलेला. उजवीकडचा रुंद, गुळगुळीत, दाट सावलीतून सरळ खाली उतरत गेलेला. नाना थांबले नाहीत. त्यांनी शिटी वाजवली, उजवीकडे हँडल वळवलं आणि दिसेनासे झाले.

आप्पा मात्र ब्रेक लावून उभे राहिले. शिरीषही उभा राहिला.

मला ठाऊक होतं की आप्पांना हा डोंगर ठाऊक आहे. नवीन डॉक्टर झाले तेव्हा धरण बांधायचं काम चाललं होतं, आणि तिथल्या वसाहतीत ते रविवारी दवाखाना चालवायला याच रस्त्यानं सायकलवरून यायचे. त्या गोष्टी आम्ही लहानपणी शंभरदा ऐकल्या होत्या. आप्पांनी उजवीकडच्या उताराकडे बघितलं, मग डावीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. उजवीकडची वाट चुकीची आहे, हे त्यांच्या नजरेत स्पष्ट दिसत होतं.

"नानासाहेब गेलेत त्या अर्थी…" एवढंच म्हणाले आणि उजवीकडे निघाले.

मी शिरीषकडे बघितलं. तो डावीकडच्या चाकोऱ्यांकडे बघत होता. त्यानं तोंड उघडलं. मी वाट बघितली.

"उतार छान आहे," तो म्हणाला, आणि गेला.

झालं. सुपारी गेली, मी मनात म्हटलं आणि त्यांच्या मागं सायकल सोडली.

उतार छान होता यात वादच नव्हता. एवढा लांब आणि मऊ उतार मला पुन्हा कधी मिळालेला नाही. पायडल मारायचं काम नाही, कानात नुसता वारा, आणि वळणामागून वळण आपोआप उलगडतंय. दुसऱ्या एखाद्या दिवशी मी गाणं म्हटलं असतं. पण सायकलवाल्याला प्रत्येक उताराचं पुढचं दुःख दिसत असतं. जेवढं उतरलो तेवढं चढून यायचं होतं, आणि हे आमच्यातलं कुणी सांगायला तयार नव्हतं. पुढं शिरीषची पाठ दिसत होती. चांगली सरळ, रुंद पाठ होती. मला तिचा भयंकर राग आला.

मग एका वळणावर झाडं संपली आणि समोर पाणी आलं.

धरणाचं पाणी. डोंगरात आत शिरलेलं, निळंशार, निवांत. रस्ता सरळ त्या पाण्यात उतरला होता. काठापासून थोड्या अंतरापर्यंत पाण्याखालचं डांबरसुद्धा दिसत होतं. पलीकडे वाळलेली झाडं कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. आणि रस्त्याच्या मधोमध, पुढचं चाक पाण्यात घालून, तोंडात शिटी धरून नाना उभे होते.

आम्ही तिघं त्यांच्या मागं जाऊन उभे राहिलो. एक पाणकावळा उडाला.

"रस्ता बरोबर आहे," अखेर नाना म्हणाले. "पाणी चुकीच्या ठिकाणी आलंय."

मग त्यांनी काठाकडे बोट केलं.

"काठाकाठानं सायकली खांद्यावर घेऊन गेलं तर पलीकडे निघू. काय डॉक्टर?"

काठ म्हणजे चिखलाची निसरडी उतरण होती. तिच्यावर बगळाही जपून पाय टाकत होता. मी आप्पांकडे बघितलं. आता तरी बोलतील. आप्पा नानांकडे बघत नव्हते, काठाकडेही बघत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते, आणि त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा झाला होता. दवाखान्याच्या बाकड्यावर बसलेल्या पेशंटचा असतो तसा.

"असेल…" त्यांनी सुरुवात केली.

"आप्पा, पुरे," मी म्हटलं. "नाना, हा रस्ता बुडालेल्या गावाला जातो. आप्पांना ते वरच माहीत होतं. त्यांनी हे गाव बुडायच्या आधी बघितलंय."

नानांनी शिटी तोंडातून काढली. "डॉक्टर? मग बोलला का नाहीत?"

आप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग ते नानांशी न बोलता माझ्याशीच बोलले.

"वैजू, मागच्या वर्षीचं ते कोल्हापूरचं ठिकाण. पत्रिका जमत नाही म्हणून कळवलं होतं ना त्यांनी?"

"हो."

"पत्रिकेचं काही नव्हतं. तू चहा आणायला आत गेलीस तेव्हा मी मुलाच्या आईला म्हटलं, तुमचे पुढचे दोन दात बसवलेले आहेत आणि बसवणाऱ्यानं वाकडे बसवलेत, सोमवारी माझ्याकडे या." ते थांबले. "तिनं ते बसवलेत हे घरात कुणाला माहीत नव्हतं. नवऱ्यालासुद्धा."

शिरीषला ठसका लागला.

"तुझ्या आईनं या वेळी मला देवीची शपथ घातलीय. सुपारी फुटेपर्यंत तोंड उघडायचं नाही. आणि काल तू म्हणालीस, मुलगा आवडलाय. म्हटलं, एक दिवस गप्प राहायचं, त्यात काय? एक उतार जास्तीचा झाला तर काय, मी दहा चढेन."

काल मी एवढी मोठी अट घातली होती, आणि आप्पांनी त्यातलं फक्त 'आवडलाय' तेवढं ऐकलं होतं. दिवसभर मी शिरीष वाकतो का ते बघत होते, आणि माझा बाप माझ्यासाठी चढावर ब्रेक लावत होता. मला रडू आलं आणि ते लपवायला मी उगीचच टायर दाबून बघितला.

नाना अवघडले. "पण आमच्याकडे मानपान नाही, हे मी किती वेळा सांगितलं!"

"फार वेळा सांगितलंत, नाना," शिरीष म्हणाला. "मानपान नाही हे तुम्ही असं सांगता, की ऐकणारा उठून उभा राहतो."

नानांनी त्याच्याकडे बघितलं. शिरीषनं मान खाली घातली, पण थांबला नाही. "आणि मलाही माहीत होतं. मागच्या रविवारी मी एकटा येऊन हा घाट करून गेलोय. वैजयंतींना कुठं त्रास व्हायला नको म्हणून."

आता मला राग यावा की काय यावं, मला कळेना. "माहीत होतं आणि बोलला नाहीत?"

"नानांना सांगून पटत नाही. पोचून पटतं."

"हे खरं आहे," नाना म्हणाले, अगदी प्रामाणिकपणे.

"म्हणजे दर वेळी पाण्यापर्यंत जायचं," मी म्हटलं, "आणि दर वेळी चढून यायचं. जन्मभर."

नानांनी चाक पाण्यातून मागं घेतलं, सायकल वळवली आणि बाजूला झाले.

"डॉक्टर, तुम्ही पुढं व्हा."

"आधी एक सांगू?" आप्पा म्हणाले.

"सांगा की."

"राखुंडीनं तुमच्या दातांचं वाटोळं झालंय. मघाशी भाकरी खाताना बघितलं. डावीकडच्या दोन दाढा हलतायत, तुम्ही घास उजवीकडे फिरवता. भूगोल शिकवलात ना? मग ही हिरडी खचतेय हे कळलं नाही?"

आणि ते जे सुटले! ब्रेकवरचा हात त्यांनी काढला तो थेट खिंडीपर्यंत. सायकल पुढं आणि बोलणं मागं. राखुंडी झाली, मग बुधवारचा मंगळवार झाला, मग एकच गिअर वापरणाऱ्या माणसांनी गिअरची सायकल घेऊ नये हे झालं. नाना मागून घाम गाळत येत होते. त्यांना नक्की काहीतरी म्हणायचं होतं, पण दम लागल्यामुळं तोंड उघडं पडलेलं आणि शब्द फुटत नव्हता. खुर्चीतल्या पेशंटची जी गत, तीच. प्रत्येक वळणावर आप्पा थांबत, त्यांना येऊ देत, आणि ते आले की राहिलेलं पुरं करत. शेवटी खिंडीत मैलाच्या दगडावर नानांना बसवून, उन्हाकडे तोंड करायला लावून, त्यांनी दाढा तपासल्यासुद्धा.

"दुखतं?"

"आं."

"दुखणारच."

मी आणि शिरीष मागून चालत, सायकली ढकलत पोचलो. डाव्या चाकोऱ्या समोर होत्या. ऊन कललं होतं. नाना दगडावरून उठले, जबडा चोळला, इकडेतिकडे बघितलं, आणि मला दिसलं की त्यांच्यातला भूगोल परत जागा होतोय. करवंदीच्या जाळीतून एक पायवाट खाली जात होती.

"उशीर झालाय," नाना म्हणाले. "रस्त्यानं लांब पडेल. ही वाट सरळ आंबेवाडीलाच उतरत असणार."

त्यांनी शिटी तोंडाला लावली.

शिरीषनं आपली सायकल त्या पायवाटेवर आडवी घातली.

"नाही, नाना."

नाना गर्रकन वळले.

"काय म्हणालास?"

"नाही. ही वाट कड्यावर जाऊन संपते. आपण रस्त्यानं जायचं." त्याचा आवाज कापत होता. पण सायकल हलली नाही.

नाना त्याच्याकडे बघत राहिले. शिटी त्यांच्या ओठांतून सुटली आणि दोरीला लोंबत राहिली. त्यांनी पायवाटेकडे बघितलं, मुलाकडे बघितलं.

"बरं," ते म्हणाले, आणि सायकल डावीकडे वळवली. जाता जाता माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "कारल्यानंतर हेच पहिलं."

शिरीष आडव्या सायकलपाशी तसाच उभा होता. त्यानं बाटली काढली आणि तिच्यातलं सगळं पाणी एका दमात पिऊन टाकलं. मग मला म्हणाला, "या वेळी पाण्यापर्यंत गेलो नाही." थोडं थांबून म्हणाला, "चालेल का तुला?" दिवसभरात तो पहिल्यांदा मला 'तू' म्हणाला.

आप्पा पुढं एक पाय टेकून थांबले होते. त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. नुसत्या भुवया वर केल्या.

"फोडा," मी म्हटलं.

आंबेवाडीला पोचलो तेव्हा गुरं घरी परतत होती. दोन्ही आया अंगणात उभ्या. तबकात सुपारी तयार. आईनं आधी माझा चेहरा बघितला, त्यात तिला हवं ते दिसलं असावं, कारण तिचे खांदे जरा खाली आले. पण एवढ्यावर तिचं समाधान होईना. नाना हातपाय धुऊन आले तशी ती पदर सावरत त्यांच्याजवळ गेली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "फार उशीर झाला हो. यांचं काही… म्हणजे हे वाटेत काही जास्तीचं बोलले तर नाहीत ना?"

नानांचा एक हात अजून जबड्यावर होता. त्यांनी आप्पांकडे बघितलं. आप्पा जमिनीकडे बघत होते.

"छे हो," नाना म्हणाले. "डॉक्टरांनी दिवसभर तोंड उघडलं नाही. फार शांत गृहस्थ."

आई आप्पांकडे वळली. पंचवीस वर्षांच्या संसारात हे वर्णन तिनं प्रथमच ऐकलं होतं.

आप्पांनी तबकातली सुपारी उचलली, तळहातावर फिरवली.

"असेलही," ते म्हणाले.